सर्पगंधा : ग्रंथातली आणि रानातली

सर्पगंधेच्या वाळलेल्या मुळीला वास जवळजवळ नसतो. चव मात्र अतिशय कडू. औषधकोशांनी या दोन्ही गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत, आणि तरीही तिला नाव पडले ते गंधावरून. मुळीच्या वासाने साप दूर पळतो, अशी समजूत या नावामागे असावी. मुळी सापासारखी वेडीवाकडी वाढते म्हणून हे नाव, असेही कोणी सांगतात. लॅटिन नावाची कथा याहून विचित्र आहे. 'राउवोल्फिया' हे नाव लेओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ दिलेले. आउग्सबुर्गच्या या गृहस्थाने १५७३ पासून पुढे सुमारे तीन वर्षे अलेप्पो, बगदाद, जेरुसलेम असा प्रवास केला आणि कॉफीचे पहिले छापील युरोपीय वर्णन लिहिले. तो भारतात कधी आला नाही, आणि सर्पगंधा त्याने पाहिलीही नाही. त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७०३ मध्ये, शार्ल प्ल्युमिये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेकडच्या काही झुडपांच्या प्रजातीला त्याचे नाव दिले. भारतीय झुडूप त्याच प्रजातीतले ठरल्यामुळे ते नाव पुढे इकडच्या वनस्पतीलाही चिकटले. ज्यांनी ही मुळी शतकानुशतके खणली, वाळवली, कुटली आणि रोग्याला दिली, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव तिच्याशी जोडले गेले नाही. सर्पगंधेच्या पुढच्या इतिहासातही हेच घडत गेलेले दिसते.

झुडूप दिसायला साधेच. कण्हेर, सदाफुली, सातवीण यांच्या कुळातले, सदाहरित, बहुधा गुडघ्याएवढे आणि क्वचित कमरेपर्यंत जाणारे. पाने खोडाभोवती तीन-तीनच्या वलयात येतात. फुले पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली, पण त्यांचे देठ लालभडक. त्यामुळे फुलोरा दुरून तांबडाच दिसतो. फळे पिकली की काळीजांभळी होतात. हिमालयाच्या पायथ्याचा तराईचा पट्टा, बिहार, बंगाल, आसाम, दोन्ही घाटांतली दमट जंगले, श्रीलंका, ब्रह्मदेश आणि जावा हा तिचा प्रदेश. मोठ्या वृक्षांच्या सावलीत, पालापाचोळा कुजून झालेल्या मातीत ती वाढते. मराठीत तिला अडकई, हरकय अशी नावे आहेत, हिंदीत छोटा चाँद व धवलबरुआ, बंगालीत चंद्रा. चंद्र आणि उन्माद यांचे नाते अनेक संस्कृतींनी कल्पिले आहे, आणि या नावांमागे तेच असावे असे म्हणण्याचा मोह होतो. पण असे मोह शब्दांच्या इतिहासात फार फसवे ठरतात, तेव्हा तो टाळलेला बरा.

प्राचीन संहितांत सर्पगंधा, नाकुली ही नावे येतात ती मुख्यतः विषचिकित्सेच्या संदर्भात. ती नेमकी आजच्या सर्पगंधेचीच आहेत काय, याविषयी जाणकारांत एकमत नाही. संस्कृत वनस्पतिनामांच्या बाबतीत ही अडचण नेहमीचीच आहे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळी. उन्माद आणि निद्रानाश यांवर आयुर्वेदाने ज्यांची थोरवी गायिली त्या वनस्पती म्हणजे ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, वेखंड. या मानाच्या पंगतीत सर्पगंधेचे पान मांडलेले नाही. विसाव्या शतकात ज्या गुणांमुळे ती जगभर गाजली, ते गुण ग्रंथांच्या मुख्य प्रवाहात नोंदलेले नव्हते. 'आमच्या ऋषिमुनींना हे सारे ठाऊक होते' असे विधान सर्पगंधेच्या संदर्भात वारंवार केले जाते. ते अभिमानाला सुखावणारे असले, तरी त्यामुळे ज्यांना ते खरोखर ठाऊक होते त्यांच्यावर अन्याय होतो.

सापाच्या विषाशी असलेले तिचे नाते मात्र सर्वत्र मान्य होते. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधिसंवादांत एक संवाद 'सर्पकाष्ठा'वर खर्ची घातला आहे. त्यात श्रीलंकेतल्या एका लहान प्राण्याची हकीकत येते. हा प्राणी म्हणजे आपले मुंगूस. सापाशी झुंजण्यापूर्वी किंवा दंश झाल्यावर ते एका वनस्पतीची मुळी खाते आणि लोकांनी तिचा गुण त्याच्याकडून ओळखला, असे ओर्ता सांगतो. त्याने वर्णिलेल्या तीन प्रकारच्या सर्पकाष्ठांपैकी एक म्हणजे सर्पगंधाच, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. मुंबईचे बेट काही काळ याच ओर्ताकडे भाडेपट्ट्याने होते, आणि मृत्यूनंतर, १५८० मध्ये, धर्मसमीक्षण सभेने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. मुंगसाची कथा मात्र अबाधित राहिली आणि पुस्तकामागून पुस्तकात उतरत गेली. आता असे दिसून आले आहे की मुंगसाला मुळीची गरजच नसते. नागाचे विष स्नायूंच्या ज्या ग्राहकांवर जाऊन बसते, त्यांची घडणच मुंगसाच्या शरीरात निराळी असल्यामुळे ते विष तेथे टिकत नाही. पण कथा चुकीची असली तरी तिने एक काम केले. झुडूप लोकांच्या नजरेत राहिले.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वैद्यांकडून माहिती गोळा करून बारा खंडांचा 'होर्तुस मलाबारिकुस' सिद्ध केला. त्यात हे झुडूप मल्याळी नावाने, चित्रासह आले आहे. लिनीअसने पुढे त्याला 'सर्पकाष्ठ' याच अर्थाचे नाव दिले. या साऱ्या युरोपीय ग्रंथांचा रोख विषावर होता, मनावर नव्हता.

मनाचा संबंध होता तो बिहारच्या व संयुक्त प्रांताच्या गावांत. तेथे ही मुळी 'पागल की दवा' म्हणून विकली जाई. खवळलेल्या, झोप हरवलेल्या, माणसांना मारायला धावणाऱ्या रोग्याला तिचे चूर्ण देत. बिहारमध्ये गरीब बायका रडणाऱ्या मुलांना झोपवण्यासाठीही तिचा उपयोग करीत, असे पुढच्या काळातल्या वैद्यकीय लेखकांनी नमूद केले आहे. दिवसभर मजुरीला जाणाऱ्या आईने मूल निजवण्यासाठी कडू मुळी उगाळावी, हे चित्र रम्य नाही. त्या मुलांचे काय झाले, हे कोणत्याही ग्रंथात नाही. परंतु मात्रा किती द्यावी, ती किती दिवसांनी लागू पडते, रोगी किती सुस्तावतो, याचे ज्ञान अशाच घरांत आणि अशाच हातांनी पिढ्यान्‌पिढ्या तपासले गेले होते. एका दिवसात गुण येत नाही, काही दिवस वाट पाहावी लागते, ही गोष्ट फार चिकाटीच्या निरीक्षणाशिवाय कळत नाही.

हे ज्ञान छापील पानावर आले ते १९३१ मध्ये, आणि एकाच वर्षी दोन शहरांतून. कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन हे आयुर्वेदाचे पंडित आणि पाश्चात्त्य वैद्यकाचेही पदवीधर होते. त्यांनी डॉ. कार्तिकचंद्र बोस यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध करून ही मुळी वेडावरचे आणि रक्तदाबावरचे नवे भारतीय औषध असल्याचे मांडले. वीस ते तीस ग्रेन, म्हणजे साधारण सव्वा ते दोन ग्रॅम चूर्ण दिवसातून दोनदा दिले असता रोगी झोपतो, त्याचा आवेश ओसरतो आणि रक्तदाबही उतरतो, हे त्यांचे निरीक्षण होते. रक्तदाब ही भर त्यांची. रक्तदाब मोजण्याचे यंत्र गावच्या वैद्याकडे नव्हते. कविराजांच्या पिढीकडे ते आले होते. निबंधाच्या नावात 'नवे' हा शब्द होता, आणि तो वाचताना बिहारमधल्या त्या विक्रेत्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे.

दुसरे शहर दिल्ली. हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या आणि १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेल्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी हा तरुण रसायनशास्त्रज्ञ फ्रँकफुर्टहून पदवी घेऊन रुजू झाला होता. देशी औषधींची आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर तपासणी व्हावी, ही हकीमसाहेबांची जुनी इच्छा. परंतु डिसेंबर १९२७ मध्ये ते निवर्तले. सिद्दीकींनी रफत हुसेन सिद्दीकी यांच्यासह सर्पगंधेच्या मुळीतून पाच अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केली आणि त्यांपैकी तिघांच्या नावांत अजमल खानांचे नाव गुंफले : अजमलीन, अजमलिनीन, अजमलिसीन. युनानी परंपरेतल्या एका हकीमाचे नाव अशा रीतीने आधुनिक रसायनाच्या शब्दकोशात गेले. सर्पगंधेच्या नामकरणांच्या दीर्घ मालिकेत कृतज्ञतेने केलेले, आणि योग्य माणसाचे, असे हे बहुधा एकच नामकरण.

या स्फटिकांत एक उणीव होती. ते सुरेख होते, त्यांचे गुणधर्म निश्चित करता येत होते. पण झोप आणणारा गुण त्यांच्यात नव्हता. रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत १९३३ पासून चाचण्या केल्या, आणि पुढे चाळिसाच्या दशकात भारतीय संशोधकांनी दाखवून दिले की शामक गुण मुळीच्या राळेसारख्या, चिकट, काळपट अंशात आहे. त्या चिकट्यात काय दडले आहे ते शोधण्यास लागणारा पैसा व साधने युद्धकाळातल्या भारतीय प्रयोगशाळांजवळ नव्हती. शोध तेथे थांबला. मुळीच्या चूर्णाच्या गोळ्या मात्र देशभर विकल्या जात होत्या, आणि हजारो डॉक्टर त्या लिहून देत होते.

त्यांपैकी एक होते मुंबईचे रुस्तम जाल वकील. लंडनला शिक्षण घेऊन आलेले हे हृदयरोगतज्ज्ञ मुंबईत सुमारे दहा वर्षे सर्पगंधेचा अनुभव घेत होते. १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पन्नास रोगी, उच्च रक्तदाब हे एकच निदान, औषधापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी, त्यांची कोष्टके. निबंधात नवा शोध असा काही नव्हता; जे देशातले असंख्य वैद्य जाणत होते तेच होते. परंतु ते ज्या भाषेत आणि ज्या पानांवर मांडले गेले, तेथे पाश्चात्त्य डॉक्टरांचा डोळा फिरत असे. भारतीय नियतकालिकांतली अठरा वर्षांची निरीक्षणे जे करू शकली नाहीत, ते एका ब्रिटिश नियतकालिकातल्या काही पानांनी केले. हा वकिलांचा दोष नव्हे. दरवाजा कोठे आहे हे त्यांनी ओळखले, एवढेच.

त्यानंतर सारे फार वेगाने घडले. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी वकिलांचा निबंध वाचून भारतातून गोळ्या मागवल्या आणि आपल्या रोग्यांवर त्यांचा गुण पडताळून पाहिला. स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या सीबा कंपनीत म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी त्याच दुर्लक्षित राळेतून १९५२ मध्ये रिसर्पिन वेगळे केले. जे काम ग्रॅमभर चूर्ण करी ते आता मिलिग्रॅमच्या चौथ्या हिश्श्याने होऊ लागले. १९५३ मध्ये ते बाजारात आले. त्याच वर्षी अहमदाबादचे डॉ. हकीम यांनी मनोरुग्णांवरील सर्पगंधेच्या उपचारांविषयी वाचलेल्या निबंधाला सुवर्णपदक मिळाल्याची बातमी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आली. ती वाचून रॉकलंड मनोरुग्णालयाचे नेथन क्लाइन यांनी तेथे प्रयोग सुरू केले आणि १९५४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉकलंडची एक गोष्ट सांगितली जाते. रुग्णालयात खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्या कारागिराला कामच उरले नाही, म्हणून त्याने चौकशी केली, की या विभागात असे काय घडले आहे! साखळदंड, विजेचे धक्के आणि मेंदूवरच्या शस्त्रक्रिया यांच्या त्या काळात गोळीने रोगी शांत होतो, बोलू लागतो, ही गोष्ट अविश्वसनीय वाटावी अशीच होती. १९५७ मध्ये अमेरिकेतला प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार क्लाइन यांच्याबरोबरच वकिलांनाही मिळाला.

रिसर्पिनचे सर्वांत मोठे देणे मात्र रोग्यांना झालेल्या उपयोगाहून वेगळे आहे. हे औषध मेंदूत नेमके काय करते, हा प्रश्न त्याने उभा केला. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की त्याने मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिता होतो. दोन वर्षांनी स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन निश्चेष्ट झालेल्या सशांना लेव्होडोपा दिले, आणि ससे पुन्हा हालू लागले. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे यातून उमगत गेले. पार्किन्सनच्या कंपवातावरचा उपचार त्या वाटेने आला, आणि कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच लेव्होडोपाचा एक नैसर्गिक साठा खाजकुयलीच्या बियांत आहे, आणि त्या आयुर्वेदात पूर्वापार वापरल्या जातात, हा योगायोग येथे नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

औषधाची दुसरी बाजूही लवकरच पुढे आली. रक्तदाबासाठी ते मोठ्या मात्रेत घेणारे काही जण खिन्नतेने ग्रासले गेले, काहींनी जीव दिल्याच्या नोंदी झाल्या. आणि मनाची खिन्नता ही मेंदूतल्या रसायनांच्या कमतरतेतून येते, ही साठच्या दशकातली उपपत्ती अंशतः या नोंदींवर उभी राहिली. पुढे त्या नोंदी फेरतपासल्या गेल्या तेव्हा रिसर्पिनवरचा आरोप पूर्वी वाटला तितका पक्का राहिला नाही. १९७४ मध्ये स्तनांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जोडणारे तीन अभ्यास प्रसिद्ध झाले; नंतरच्या अभ्यासांनी त्यांना दुजोरा दिला नाही. तोवर नवी, महागडी आणि पेटंटने संरक्षित औषधे आली होती, आणि स्वस्त रिसर्पिनची बाजू मांडण्यात कोणाचा फायदा नव्हता. उच्च रक्तदाब वेळीच आटोक्यात ठेवला तर पक्षाघात आणि मृत्यू टळतात, हे निर्विवादपणे सिद्ध करणारी अमेरिकी माजी सैनिकांवरील चाचणी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दिलेल्या तीन औषधांच्या मिश्रणात रिसर्पिन होते, हे आज फारसे कोणी सांगत नाही.

या साऱ्या काळात झुडपाचे काय झाले? अडुळशाची पाने तोडली तरी अडुळसा राहतो. कुंपणाला लावलेला अडुळसा पिढ्यांना पुरतो. सर्पगंधेचे औषध मुळीत आहे. मुळी घ्यायची म्हणजे झुडूप संपवायचे. वैद्याला आणि गावच्या विक्रेत्याला लागणाऱ्या मुळ्या रान सोसू शकत होते; जगभरच्या कारखान्यांची भूक त्याला सोसणे शक्य नव्हते. वाळलेल्या मुळीत रिसर्पिन हजारात एक भाग किंवा त्याच्या आसपास भरते, तेव्हा एका किलो औषधासाठी सुमारे टनभर मुळ्या उकराव्या लागतात. पन्नाशीच्या दशकात देहरादूनपासून आसामपर्यंत ठेकेदारांची माणसे जंगलात उतरली. खणणाऱ्या आदिवासींच्या पदरी मजुरी तुटपुंजीच पडली. भारत सरकारने त्याच दशकात कच्च्या मुळ्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा कंपन्या आफ्रिकेतल्या 'राउवोल्फिया व्होमिटोरिया' या उंच जातीकडे वळल्या. तिच्यात रिसर्पिन अधिक सापडते. रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये रिसर्पिनचे संपूर्ण संश्लेषण साधले. रसायनशास्त्राच्या इतिहासात त्याला मानाचे पान आहे, पण त्यामुळे रानातली कुदळ थांबली नाही. देशातल्या औषधकारखान्यांची मागणी चालूच राहिली. १९९० मध्ये सर्पगंधेचे नाव दुर्मिळ होत चाललेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले.

लागवडीचे प्रयत्न बरेच झाले. इंदूरला 'आरएस-१' हा वाण निवडला गेला, लखनौच्या केंद्रीय संस्थेनेही सुधारित वाण काढले. पण बियांची उगवण मुळात कमी. पुष्कळ बिया रुजतच नाहीत, म्हणून मुळांचे किंवा खोडाचे तुकडे लावावे लागतात. मुळी भरायला दीड ते तीन वर्षे लागतात, आणि शेतकऱ्याला एवढा काळ जमीन अडकवून ठेवणे परवडत नाही. त्यापेक्षा रानातून आणलेली मुळी व्यापाऱ्याला स्वस्त पडते. तिच्यात त्याच कुळातल्या दुसऱ्या झुडपांच्या मुळ्या मिसळलेल्या असतात, ही तक्रार जुनीच आहे. जिभेला कडूपणा लागला की गिऱ्हाइकाची खात्री पटते. आणि कडूपणा तर त्या भेसळीच्या मुळ्यांनाही असतो.